४.९ मिलिमीटर : किम वू-जिनच्या चौदा वर्षांचे प्रकरण

पॅरिसमधील लेझ इन्व्हालिद या जुन्या लष्करी वास्तूसमोरच्या मैदानावर ४ ऑगस्ट २०२४ रोजी पुरुषांच्या वैयक्तिक तिरंदाजीचा अंतिम सामना पाच सेट होऊनही सुटला नाही. दक्षिण कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रेडी एलिसन ५-५ अशा बरोबरीत होते, आणि पाचव्या सेटमध्ये तर दोघांचेही तिन्ही बाण दहाच्या वर्तुळात गेले होते. अशा वेळी प्रत्येकाच्या वाट्याला एकच बाण येतो आणि केंद्राच्या अधिक जवळ ज्याचा बाण, तो विजेता ठरतो. किमचा बाण दहात बसला. एलिसनचाही दहातच बसला. मग मोजमाप झाले. किमचा बाण केंद्रापासून ५५.८ मिलिमीटरवर होता, एलिसनचा ६०.७ मिलिमीटरवर. फरक ४.९ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढा, आणि तोही ७० मीटरवरून सोडलेल्या बाणांमधला.

दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ६१ मिलिमीटर असते हे ध्यानात घेतले की या आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दोघांचेही बाण मध्यभागी नव्हते, दहाच्या काठाला टेकलेले होते. दहाच्या आत जे आणखी लहान वर्तुळ असते आणि ज्याला तिरंदाज ‘एक्स’ म्हणतात, त्याची त्रिज्या ३०.५ मिलिमीटर, त्या वर्तुळापासून दोघेही दूरच राहिले. किमने त्या आठवड्यात याहून कितीतरी चांगले बाण मारले असतील. तरीही ज्या सुवर्णपदकासाठी तो तीन ऑलिम्पिक झगडला, ते या साधारण म्हणाव्या अशा बाणाने त्याच्या पदरात टाकले.

किमची कारकीर्द सांगताना बहुतेक जण त्याच्या थंड डोक्याची, न हलणाऱ्या चेहऱ्याची गोष्ट सांगतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. थंड डोके रिओतही त्याच्याजवळ होते आणि टोकियोतही होते, तरी दोन्ही ठिकाणी वैयक्तिक पदक मिळाले नाही. या प्रकरणात खरोखर तपासण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ज्या खेळात सर्वोत्तम खेळाडूलाही एका दुपारी हरवता येते, त्या खेळात एखादा माणूस चौदा वर्षे पुन्हा पुन्हा अंतिम रेषेवर उभा राहू शकला तो कशामुळे, आणि त्याला तिथे उभे करणाऱ्या व्यवस्थेने त्याचा कधी कधी बळीही कसा घेतला, हे पाहिले पाहिजे.

किमचा जन्म २० जून १९९२ चा, उत्तर चुंगचंग प्रांतातील ऑकचन या ग्रामीण जिल्ह्यातला. प्राथमिक शाळेत असतानाच त्याने धनुष्य हाती घेतले. सोल ऑलिम्पिकमध्ये १९८८ साली सतराव्या वर्षी वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके जिंकणारी, नंतर १९९२ आणि २००० च्या ऑलिम्पिकमध्येही सांघिक सुवर्ण मिळवणारी किम सू-न्यंग याच प्रांतातली. प्रांताची राजधानी चंगजू येथील तिरंदाजीचे मैदान तिच्याच नावाने ओळखले जाते. पुढे किम वू-जिन चंगजू शहराच्या संघाकडूनच खेळू लागला. कोरियात व्यावसायिक तिरंदाज उद्योगसमूहांच्या किंवा महापालिकांच्या संघांत नोकरीला असतात आणि त्यांचे काम म्हणजे बाण मारणे हेच असते. आपल्याकडे लष्कर, रेल्वे किंवा पोलीस दलातील क्रीडा कोट्यातून मिळणाऱ्या नोकरीची आठवण यावी अशी ही रचना आहे. फरक एवढा की तिथे देशांतर्गत स्पर्धा इतकी तीव्र असते की नोकरी मिळाली म्हणून सुस्तावण्याची सोय नसते.

२०१० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा किम अठरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. चार अंतरांवरून १४४ बाण मारण्याच्या फेरीत त्याने १४४० पैकी १३८७ गुणांचा जागतिक विक्रम केला आणि वैयक्तिक व सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. वैयक्तिक अंतिम फेरीत त्याच्यासमोर भारताचा तरुणदीप राय होता. तरुणदीप ३-७ असा हरला, पण आशियाई स्पर्धांत तिरंदाजीचे वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण चौदा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे. ग्वांगझूच्या सुवर्णपदकाने किमच्या आयुष्यातला एक मोठा व्यावहारिक प्रश्नही सुटला. दक्षिण कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ऑलिम्पिकचे कोणतेही पदक किंवा आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदक मिळवणाऱ्या खेळाडूला त्या पूर्ण मुदतीच्या सेवेतून सूट मिळते; काही आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण मात्र करावे लागते.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, इटलीतील तुरीन येथे तो वैयक्तिक विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यात त्याने आपलाच सहकारी ओह जिन-ह्योक याला हरवले. तिसरा क्रमांक ब्रेडी एलिसनचा होता. एकोणिसाव्या वर्षी आशियाई विजेता, विश्वविजेता आणि विश्वविक्रमवीर असलेला हा मुलगा लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण घेऊनच येणार, असे मानायला कोणाचीच हरकत नव्हती. प्रत्यक्षात तो लंडनला गेलाच नाही. कोरियाच्या निवड चाचणीत पहिले तीन जण संघात जातात आणि किम चौथा आला.

या प्रकरणाचा कणा म्हणजे ही निवड चाचणी. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कोरियन तिरंदाजी संघटना ऑलिम्पिकचा संघ पूर्वीच्या पदकांकडे पाहून निवडत नाही. कित्येक महिने चालणाऱ्या फेऱ्यांमध्ये देशातील आघाडीचे तिरंदाज एकमेकांविरुद्ध बाण मारतात. बाणांची संख्या हजारांच्या घरात जाते, वारा, पाऊस, थंडी यांची पर्वा न करता फेऱ्या होतात आणि गुणांची बेरीज लागते. मागच्या ऑलिम्पिकचा विजेता आणि काल शाळेतून बाहेर पडलेला मुलगा यांच्यात या बेरजेला फरक दिसत नाही. टोकियोत २०२१ मध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणारी आन सान पॅरिसच्या महिला संघात नव्हती. त्या संघातील तिघींपैकी एकीलाही आधीचा ऑलिम्पिक अनुभव नव्हता, आणि तरी त्यांनी कोरियाचे सलग दहावे सांघिक सुवर्ण जिंकले. कोरियात ऑलिम्पिक पदकापेक्षा ऑलिम्पिक संघात जागा मिळवणे अवघड, असे जे म्हटले जाते त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

या पद्धतीचे कौतुक सगळे करतात. तिची किंमत मात्र जो चौथा येतो त्याला मोजावी लागते. चौथा क्रमांक कुठल्याच पदकतालिकेत दिसत नाही. २०१२ मध्ये किम ज्याला वर्षभरापूर्वी हरवून विश्वविजेता झाला होता, तो ओह जिन-ह्योक लंडनमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकून ते जिंकणारा पहिला कोरियन पुरुष ठरला. किम तेव्हा घरी होता. त्यानंतर काही काळ त्याची कामगिरी इतकी ढासळली की देशांतर्गत स्पर्धेत त्याचे नाव यादीच्या तळाकडे शोधावे लागे. वीस वर्षांच्या मुलाने या टप्प्यावर खेळ सोडला असता तर त्याची नोंद ‘लवकर फुललेला आणि लवकर कोमेजलेला’ अशी झाली असती आणि कोणाला आश्चर्यही वाटले नसते. ज्या व्यवस्थेने त्याला २०१२ मध्ये बाहेर ठेवले, तिने त्याच्यासाठी दार मात्र बंद केले नव्हते; पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी होती, पुन्हा बेरीज शून्यापासून होती. आदल्या वर्षीचे यश जसे तिथे कामी येत नाही, तसेच आदल्या वर्षीचे अपयशही आड येत नाही. माझ्या मते किमच्या पुनरागमनात त्याच्या जिद्दीइतकाच या कोरड्या हिशेबाचा वाटा आहे.

२०१५ मध्ये कोपनहेगनला तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला आणि २०१६ मध्ये रिओच्या संघात पोहोचला. रिओतील मानांकन फेरीत ५ ऑगस्ट रोजी त्याने ७२ बाणांत ७२० पैकी ७०० गुण मिळवले. त्याआधीचा विक्रम ६९९ गुणांचा, त्याचाच देशबांधव इम दोंग-ह्यून याने लंडनमध्ये केलेला. सातशे गुण म्हणजे प्रत्येक बाणामागे सरासरी ९.७२, ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटर व्यासाच्या फलकावर ही सरासरी दिवसभर टिकवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी धनुष्य ओढून पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. दुसऱ्याच दिवशी कू बॉन-चान आणि ली स्यंग-युन यांच्यासह त्याने सांघिक सुवर्ण जिंकले. अंतिम फेरीत एलिसनच्या अमेरिकन संघाला कोरियाने ६-० असे हरवले. आणि त्यानंतर दोन दिवसांनी वैयक्तिक स्पर्धेच्या दुसऱ्याच सामन्यात इंडोनेशियाच्या रियाउ एगा अगाथा याच्याकडून किम २-६ असा हरला. सुवर्ण कू बॉन-चानला मिळाले.

सातशे गुण मारणारा माणूस तीन दिवसांत असा कसा हरतो? याचे उत्तर मनोधैर्यात शोधण्याआधी नियमांत शोधावे. ऑलिम्पिकमध्ये २०१२ पासून वैयक्तिक सामने सेट पद्धतीने होतात. एका सेटमध्ये प्रत्येकी तीन बाण. सेट जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरी झाल्यास दोघांना एकेक. जो आधी सहा गुण करील तो सामना जिंकतो. म्हणजे चार सेटमध्ये निकाल लागला तर सारा प्रश्न अवघ्या बारा बाणांचा असतो. बहात्तर बाणांत सर्वोत्तम तिरंदाज सर्वोत्तम ठरतोच, कारण वाऱ्याची एखादी झुळूक किंवा एखादा ढिला सुटलेला बाण एवढ्या मोठ्या बेरजेत विरून जातो. बारा बाणांत तो विरत नाही. शिवाय ६४ जणांच्या या स्पर्धेत सुवर्णासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात. एखादा खेळाडू इतका श्रेष्ठ आहे की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याची जिंकण्याची शक्यता शंभरात नव्वद आहे असे धरले, तरी सलग सहा सामने जिंकण्याची शक्यता शंभरात त्रेपन्नच्या आसपास येते. नाणे उडवावे तसेच जवळजवळ. रिओतील किमच्या पराभवाला त्या वेळी धक्का म्हटले गेले. गणिताच्या नजरेने पाहिले तर त्यात धक्कादायक काही नव्हते.

अशा खेळात वैयक्तिक सुवर्ण मिळवण्याचा खात्रीचा उपाय नाही. एकच मार्ग उरतो तो म्हणजे पुन्हा पुन्हा त्या नाणेफेकीपर्यंत पोहोचणे, आणि तिथे पोहोचण्यासाठी दर खेपेला ती निर्दय निवड चाचणी पार करणे. किमच्या पाच सुवर्णपदकांपेक्षा तो सलग तीन ऑलिम्पिकच्या संघांत होता, हे मला अधिक मोठे वाटते.

या काळातला एक प्रसंग विशेष बोलका आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत वैयक्तिक अंतिम फेरी किम आणि ली वू-सोक या दोन कोरियनांतच झाली. ली तेव्हा लष्करी सेवेत होता. सुवर्ण मिळाले असते तर त्याची सेवा तिथेच संपली असती; रौप्याने तसे होणार नव्हते. किमला ती सूट आठ वर्षांपूर्वीच मिळालेली होती. सहकारी मित्रासाठी किमने हात थोडा सैल सोडला असता तर बाहेरच्या कोणाला ते कळलेही नसते. किमने सामना ६-४ असा जिंकला. निष्ठुरपणा वाटावा असे हे वागणे असले, तरी चाचणीच्या त्या व्यवस्थेत वाढलेल्या खेळाडूला दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते, कारण तिथे रोज जवळच्याच माणसाला हरवून पुढे जायचे असते आणि मुद्दाम चुकवलेला बाण हा समोरच्याचाच अपमान ठरतो. लीच्या वाट्याला आलेले दैव याहूनही अवघड होते. २०१६ मध्ये तो अंतिम चाचणीत अगदी थोडक्यात बाहेर राहिला. २०२० मध्ये संघात आला, पण करोनामुळे ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेले, संघटनेने २०२१ मध्ये चाचणी नव्याने घेतली आणि त्यात त्याची जागा गेली. त्या नव्या चाचणीतून सतरा वर्षांचा किम जे-देओक वर आला. एकाच नियमाने एकाला बाहेर काढले आणि दुसऱ्याला आत आणले. नियम न्याय्य होता, आणि म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार करायलाही जागा नव्हती.

टोकियोत भारतीयांनी किमला अगदी जवळून पाहिले. पुरुषांच्या सांघिक उपउपांत्य फेरीत भारतासमोर किम वू-जिन, ओह जिन-ह्योक आणि किम जे-देओक उभे राहिले. भारताच्या बाजूने अतनु दास, तरुणदीप राय आणि सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव खेळत होते. कोरियाने ६-० असा सामना संपवला; पहिल्या दोन्ही सेटमध्ये त्यांचे गुण साठपैकी ५९ होते. भारताचा संघ वाईट खेळला असे म्हणता येत नाही. सहा बाणांत एकच गुण सोडणाऱ्यांसमोर चांगले खेळूनही हरता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि मग पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधून पुढे आलेल्या प्रवीणने त्याच स्पर्धेत वैयक्तिक पहिल्या सामन्यात जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गाल्सान बाझारझापोव्हला ६-० असे हरवले आणि पुढच्या सामन्यात एलिसनकडून ०-६ असा पराभव पत्करला. एका दुपारी जगातला दुसरा आणि पुढच्या सामन्यात सरळ हार, हे या खेळाचेच रूप आहे.

कोरियाचे ते सांघिक सुवर्णही एका बाणाच्या अंतरावरून हुकता हुकता राहिले होते. उपांत्य फेरीत जपानशी बरोबरी झाली, निर्णायक बाणांतही गुण २८-२८ असे झाले आणि किम जे-देओकचा बाण केंद्राच्या जवळ म्हणून कोरिया अंतिम फेरीत गेला. वैयक्तिक स्पर्धेत मात्र किम वू-जिनला उपउपांत्य फेरीत तैवानच्या तांग चिह-चुनने ४-६ असे हरवले. मानांकन फेरीत तो किम जे-देओकच्या मागे राहिला होता, त्यामुळे त्या वर्षी प्रथमच खेळवल्या गेलेल्या मिश्र दुहेरीत त्याला स्थान नव्हते. दोन ऑलिम्पिक, दोन सांघिक सुवर्णे, वैयक्तिक काहीच नाही. दोन महिन्यांनी अमेरिकेतील यांक्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्याने वैयक्तिक, सांघिक आणि मिश्र अशी तिन्ही सुवर्णे जिंकली, हेही याच माणसाचे आणि याच वर्षाचे आकडे आहेत.

दरम्यान रिओतला सातशे गुणांचा विक्रमही त्याचा राहिला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये लिमा येथे ७०२ गुण करून तो मोडणारा होता ब्रेडी एलिसन. त्याच वर्षी एलिसन विश्वविजेताही झाला. या दोघांची स्पर्धा पॅरिसमध्ये अचानक उगवली नव्हती. तुरीनच्या विजयमंचावर २०११ मध्येच दोघे बरोबर उभे होते. पुढे किमने स्वतःच या जोडीची तुलना फुटबॉलमधल्या मेस्सी आणि रोनाल्डोशी केली.

पॅरिसच्या तयारीविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. कोरियन संघटनेमागे १९८५ पासून ह्युंदाई समूह उभा आहे. जिनचन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात लेझ इन्व्हालिदच्या मैदानाची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली, प्रेक्षकांचा गोंगाट सुरू ठेवून सराव झाला, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन अचूक बाण मारणाऱ्या यंत्रमानवाविरुद्धही खेळाडूंना खेळवले गेले. या सगळ्याचे वर्णन वाचताना आपल्याकडच्या वाचकाला पैशाचा हेवा वाटतो. पण त्या पैशाने जागा विकत मिळत नाही, हे त्यात हरवते. यंत्रमानवाशी खेळणारे तिघे कोण, हे तीच जुनी बेरीज ठरवते.

आणि ही व्यवस्था अजिंक्यही नव्हे. २८ एप्रिल २०२४ रोजी शांघायमधील विश्वचषकाच्या पहिल्या टप्प्यात किम वू-जिन, किम जे-देओक आणि ली वू-सोक या ऑलिम्पिकसाठी निवडल्या गेलेल्या तिघांना अंतिम फेरीत भारताच्या धीरज बोम्मादेवरा, तरुणदीप राय आणि प्रवीण जाधव यांनी ५-१ असे हरवले. ग्वांगझूला अठरा वर्षांच्या किमकडून हरलेला तरुणदीप या वेळी चाळिशीत होता. टोकियोत ०-६ ने परतलेले तरुणदीप आणि प्रवीण या वेळी सुवर्ण घेऊन परतले. साताऱ्यात आणि फलटणमध्ये त्या रविवारी आनंद झाला असेल तर तो रास्तच होता. त्याच संघाला पॅरिसमध्ये उपउपांत्य फेरीत तुर्कस्तानने हरवले आणि कोरियाचे ते तिघे सुवर्णपदक घेऊन घरी गेले, हेही तितकेच खरे. एका विश्वचषकातला विजय आणि ऑलिम्पिकमधला विजय यांत कौशल्याचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो बाण कोणत्या दिवशी कुठे पडला याचा, आणि असा दिवस पुन्हा पुन्हा आणता येण्यासाठी मागे किती जण रांगेत उभे आहेत याचा.

पॅरिसमध्ये मानांकन फेरीत किम ६८६ गुणांसह पहिला आला आणि त्यामुळे या वेळी मिश्र दुहेरीची जागा त्याला मिळाली. लिम सी-ह्यॉनबरोबर त्याने ती जिंकली. उपांत्य फेरीत या जोडीने भारताच्या धीरज आणि अंकिता भकत यांना ६-२ असे हरवले. फ्रान्सला नमवून सांघिक सुवर्णही आले. वैयक्तिक स्पर्धेत त्याचा पहिला प्रतिस्पर्धी चाडचा इस्राएल मदाये होता. मदायेचा एक बाण फलकाच्या कडेला, एका गुणाच्या वर्तुळात लागला आणि जगभर त्याची चित्रफीत फिरली. हसणाऱ्यांनी एवढे मात्र पाहायला हवे होते की छातीवरचे संरक्षक कवचही न घालता तो माणूस किमसमोर उभा होता आणि पहिल्या सेटमध्ये त्याने तीसपैकी २६ गुण मिळवले होते. किमने सामना ६-० असा जिंकला. पुढे ब्राझीलचा मार्कस दालमेदा, ज्याला त्याने यांक्टनच्या अंतिम फेरीत हरवले होते, तो पुन्हा समोर आला आणि पुन्हा हरला. तुर्कस्तानच्या बर्किम ट्युमरशी ६-४. आणि उपांत्य फेरीत ली वू-सोक.

जकार्तानंतर सहा वर्षांनी हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, आणि या वेळी पणाला लागले होते ते ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतले स्थान. लीला लष्करी सेवेची चिंता आता नव्हती, ती केव्हाच पूर्ण झाली होती, आणि काही दिवसांपूर्वीच सांघिक सुवर्णही त्याच्या गळ्यात पडले होते. पाच सेटनंतर गुण ५-५ झाले. एका बाणाच्या फेरीत किम जिंकला. थोड्या वेळाने ली कांस्यपदकाचा सामना जिंकून विजयमंचावर आला, त्यामुळे किमच्या सुवर्णाच्या वेळी तोही तिथेच उभा होता.

अंतिम सामन्याचे सेट असे गेले: २७-२९, २८-२४, २७-२९, २९-२७, ३०-३०. किम दोनदा मागे पडला आणि दोनदा बरोबरीत आला. हे आकडे घेऊन एक साधी बेरीज करून पाहावी. पंधरा बाणांत किमचे गुण १४१ होतात, एलिसनचे १३९. म्हणजे सगळ्या बाणांच्या गुणांची बेरीज धरण्याची पूर्वीची पद्धत असती तर निर्णायक बाणाची वेळच आली नसती. दुसऱ्या सेटमधले एलिसनचे २४ गुण त्याला महागात पडले असते. सेट पद्धतीने ते एका सेटपुरते मिटवून टाकले. खेळाडू पद्धत पाहून खेळतो, त्यामुळे या बेरजेवरून काही सिद्ध होते असे म्हणता येणार नाही. पण ज्या नियमाने रिओत सातशे गुणांचा धनी बाहेर फेकला गेला, तोच नियम पॅरिसमध्ये त्याच्या प्रतिस्पर्ध्याला तगवत होता, आणि त्यातून वाचला तो किम केवळ ज्वारीच्या दाण्याएवढ्या फरकाने. एलिसनचे हे वैयक्तिक रौप्य होते. त्याच्याकडे त्या दिवशी नसलेले एकच पदक होते, ऑलिम्पिक सुवर्ण, आणि ते आजवर त्याला कोणत्याच प्रकारात मिळालेले नाही. त्याच्या पाच ऑलिम्पिक पदकांपुढे हे लिहिताना जरा अन्यायच वाटतो.

पाच सुवर्णपदकांसह किम कोरियाच्या इतिहासात सर्वाधिक ऑलिम्पिक सुवर्णे मिळवणारा खेळाडू ठरला. चार सुवर्णांवर त्याच्या आधी तिघे होते: नेमबाज जिन जोंग-ओह, शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची चुन ली-क्यंग आणि त्याच्याच प्रांताची किम सू-न्यंग. त्यानंतर त्याने कनिष्ठ खेळाडूंना उद्देशून जे सांगितले ते कोरियात गाजले. पदकाच्या आनंदात भिजलेले राहू नका, ऊन पडले की ते वाळून जाते, असा त्याचा आशय होता. वाक्य ऐकायला छान आहे, पण ज्याला २०१२ मध्ये विश्वविजेतेपद हातात असताना घरी बसावे लागले, त्याच्या तोंडी ते उपदेश नव्हे तर अनुभवाची नोंद वाटते.

लॉस एंजेलिस २०२८ पर्यंत खेळण्याची इच्छा त्याने पॅरिसमध्येच बोलून दाखवली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा असेल. त्याआधी जी निवड चाचणी होईल तिच्यात इतरांप्रमाणे त्याच्याही नावापुढे शून्य लिहिलेले असेल, आणि पहिल्या बाणापासून ते मोजले जाईल.